नमुना धुऊन मोजला होता का?

या वेळीही बहुतेक पत्रं कार्डिगन पूर्ण झाल्यावरच आली आहेत. कार्डिगन सुईवर असतानाच लिहिलं असतंत, तर निम्म्या जणींची उसवण वाचली असती.

प्रश्न: ताई, लोकर कमी पडली. तोच रंग आणला तरी फरक दिसतो. दुकानदार म्हणतात, धुतल्यावर एकसारखं होईल.

होणार नाही. रंगाच्या क्रमांकाबरोबर लेबलवरचा लॉट नंबरही, म्हणजे एकाच वेळी रंगवलेल्या लोकरीचा क्रमांकही, जुळावा लागतो. जुना आणि नवा गुंडा दोन-दोन ओळी आलटूनपालटून विणा.

प्रश्न: पुस्तकात सांगितलेली लोकर आणि ८ नंबरचीच सुई घेतली. तरी कार्डिगन छातीत चार इंच सैल झालं. गरम पाण्यात टाकलं की आटेल, असं मैत्रीण म्हणते. टाकू का?

अजिबात नको. गरम पाणी, साबण आणि चोळणं यांनी लोकरीचे तंतू एकमेकांत अडकून नमदा होतो. मग तो उसवतही नाही. अ‍ॅक्रिलिक असेल तर आटणारही नाही, उष्णतेने लोंबेल.

आता मूळ दुखणं. पुस्तकात १० सेंटिमीटरला २२ टाके असतील, तर २२० टाक्यांचा घेर १०० सेंटिमीटर होतो. तुमच्या हाताला तिथे २० टाके बसले, की तोच घेर ११० होतो. तुमचे चार इंच हेच! लेबलवर छापलेली सुई ही फक्त सूचना असते, प्रत्येकीचा हात वेगळा. त्यात जुन्या ब्रिटिश मापात ८ नंबर म्हणजे ४ मिलिमीटर, अमेरिकन मापात ५. विकणारे हे सांगत नाहीत, म्हणून सुई मिलिमीटर बघूनच घ्या.

आणि कार्डिगन सुरू करण्याआधी नमुना, म्हणजे टाके मोजण्यापुरता छोटा तुकडा, विणा. चार बोटांची पट्टी नव्हे, किमान १५ सेंटिमीटरचा चौकोन, कार्डिगनच्याच विणीत. कार्डिगन जसं धुणार तसाच धुवा, न ताणता सपाट वाळवा, मग कडा सोडून मधल्या १० सेंटिमीटरमधले टाके मोजा. अर्धा टाकाही धरा. ओळीही मोजा, मुंढ्याची खोली त्यांवर ठरते. 'वेळ नाही' हे कारण मला सांगू नका, अख्खं कार्डिगन उसवायला जास्त वेळ जातो. तुमचं उसवण्याआधी मात्र एखाद्या जाणकार विणकरणीला अंगात घालून दाखवा, कडेची शिवण आत घेऊन भागतंय का ते ती सांगेल.

प्रश्न: बटणपट्टीला झालर पडते.

कडेने टाके जास्त उचललेत. साध्या विणीत साधारण चार ओळींना तीन टाके पुरतात. पट्टीच वर ओढली जात असती, तर टाके कमी पडले असते. फक्त पट्टी उसवा.

प्रश्न: बटणं लावली की छातीवर फट पडते.

छातीच्या सर्वांत भरल्या जागी एक बटण हवंच. ते आधी ठरवून बाकीची विभागायची. तरीही फट राहिली तर पुढचा भागच अरुंद आहे, मग शिकवणाऱ्या बाईंना दाखवा. पुढची कड वर उचलली जात असेल तर उंची कमी पडते आहे, तिथे अर्ध्या ओळी, म्हणजे पूर्ण न विणता मध्येच वळवलेल्या ओळी, घालाव्या लागतात.

प्रश्न: हँगरला लावलं तर चालेल?

नाही. घडी घाला.

प्रश्न: मुंढा काखेत काचतो. चार दिवसांत भेट द्यायचं आहे. कात्रीने थोडा मोठा करू का?

कात्री बाजूला ठेवा, टाके सुटत जातील. बाहीची शिवण सोडा, मुंढ्याच्या ओळी मोजा आणि ते आकडे घेऊन जाणकार व्यक्तीकडे जा. भेट उशिरा द्या.