डि'सोझा या आडनावावर अडणारी क्वेरी

प्रश्न : वसईतील आमच्या वाचनालयाची सभासद-नोंदणी मी पीएचपी आणि मायएसक्यूएलमध्ये लिहिली आहे. फॉर्ममधून आलेल्या अ‍ॅरेच्या (नाव आणि मूल्य अशा जोड्यांच्या यादीच्या) की म्हणजे कॉलमची नावे. त्या आणि त्यांची मूल्ये इम्प्लोड या यादी जोडणाऱ्या फंक्शनने जोडून इन्सर्ट क्वेरी (नोंद भरण्याची आज्ञा) तयार होते. आडनाव डि'सोझा असे अपॉस्ट्रॉफीसह लिहिले की सिंटॅक्स एरर येते. अ‍ॅडस्लॅशेस (अवतरणचिन्हाआधी तिरपी रेघ घालणारे फंक्शन) वापरावे काय?

उत्तर : वापरू नये. आपण प्रत्येक मूल्याभोवती एकेरी अवतरणचिन्हे घालता. त्यामुळे ‘डि’नंतरच्या चिन्हाशीच मजकूर संपला असे डेटाबेस समजतो आणि उरलेले ‘सोझा’ त्याला आज्ञेचा भाग वाटते. आज तेथे आडनाव आहे, उद्या कोणी मुद्दाम लिहिलेली एसक्यूएल आज्ञाही असू शकेल. पीडीओ या पीएचपीच्या डेटाबेस-जोडणीतील प्रिपेअर या फंक्शनला जितके कॉलम तितकीच प्रश्नचिन्हे असलेली क्वेरी द्यावी, म्हणजे ‘इन्सर्ट इंटू सभासद (नाव, आडनाव, फोन) व्हॅल्यूज (?, ?, ?)’, आणि मूल्ये एक्झिक्यूटकडे (क्वेरी चालवणाऱ्या फंक्शनकडे) वेगळी सोपवावीत. ही प्रश्नचिन्हे अ‍ॅरे_फिल आणि इम्प्लोडने सहज तयार होतात.

मात्र खरी मेख मूल्यांत नसून कींमध्ये आहे, आणि तिच्याकडे बहुतेकांचे दुर्लक्ष होते. कॉलमच्या नावाच्या जागी प्रश्नचिन्ह चालत नाही, म्हणून ती नावे क्वेरीत थेटच लिहावी लागतात; फॉर्मच्या की जशाच्या तशा घेतल्या, तर ब्राउझरमधून ‘शुल्क_माफ’ असे एखादे जादा फील्ड पाठवणाऱ्याला आपण आपल्याच हाताने दार उघडून देतो. यासाठी कॉलमची यादी कोडमध्ये स्वतः लिहावी आणि फॉर्मवर नव्हे, त्या यादीवर फॉरईच (प्रत्येक घटकासाठी तेच काम करणारा लूप) चालवून एकेक मूल्य उचलावे. क्रमही त्यामुळे कायम राहतो. एरवी एकदाच तयार केलेल्या क्वेरीने अनेक नोंदी भरताना एका ओळीत फोन आधी आणि दुसरीत नाव आधी आले, तर नावाच्या कॉलममध्ये फोन नंबर जाऊन बसतो आणि एररही येत नाही.

रिकामे सोडलेले फोनचे फील्ड नल (मूल्यच नाही अशी खूण) म्हणून नव्हे, रिकामी स्ट्रिंग म्हणून येते. नल हवे असल्यास याच लूपमध्ये तसे करून घ्यावे.

जुन्या रजिस्टरमधील नोंदी एकदम भरायच्या असतील, तर प्रिपेअर एकदाच करून एका ट्रान्झॅक्शनमध्ये (सगळ्या नोंदी एकत्र पक्क्या होतात किंवा एकही होत नाही अशा गटात) ओळीगणिक एक्झिक्यूट करावे. सगळ्या ओळी एकाच क्वेरीत कोंबण्याचा मोह होतो, पण मायएसक्यूएलच्या प्रिपेअर्ड स्टेटमेंटमध्ये 65,535 हून अधिक प्रश्नचिन्हे चालत नाहीत.