बाळ झोपलं तरी डोळा लागत नसेल तर

अगं, बाळंतपणानंतर पहिले आठ-दहा दिवस उगाच डोळे भरून येतात. बहुतेकींचं ते दोन आठवड्यांत ओसरतं. त्यापुढेही टिकलं, बाळ झोपूनही तुला झोप येत नसेल, तर अंगावर काढू नकोस. माझ्या वेळी शेक-शेगडी, डिंकाचे लाडू, सगळं साग्रसंगीत चाललं होतं. तरी धुरी देऊन दुपट्यात गुंडाळलेल्या लेकीकडे बघून मला काहीच वाटायचं नाही, आणि हे आईलासुद्धा सांगायची लाज वाटायची.

बाळंतपणानंतरचं नैराश्य चाचपणारी एडिंबरा प्रश्नावली ऑनलाइन मिळते. गेल्या ७ दिवसांबद्दलचे १० प्रश्न. ते निदान नव्हे, पण डॉक्टरांसमोर बोलायला धागा मिळतो. दहावा प्रश्न स्वतःला इजा करण्याच्या विचारांचा. तिथे ‘कधीच नाही’ सोडून दुसरं उत्तर आलं, तर त्याच दिवशी डॉक्टरांना गाठ, एकटी राहू नकोस.

रात्री-अपरात्री १४४१६ लाव. मनाच्या त्रासासाठी फोनवर मदत करणारी सरकारची टेली-मानस सेवा आहे, २०२२ पासूनची. चोवीस तास, मोफत, मराठीतही. बाळ नवऱ्याकडे दे आणि निवांत बोल. गोळ्या लागल्याच, तर अंगावर पाजतेस हे डॉक्टरांना आधी सांग. पाजताना चालणारी औषधं आहेत.