मुंबईत पूर आला की मुलांसाठी उतरणाऱ्या संस्थांचा समन्वय कसा करायचा? व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप आणि एखादं अ‍ॅप पुरतं का?

ग्रुप पुरत नाही. ग्रुपवर निरोप फिरतो, जबाबदारी कुणावर पडत नाही. "शाळेत एक मुलगा एकटाच बसलाय, कोणी बघेल का?" असा मेसेज पडतो, खाली दहा जण हात जोडतात आणि संध्याकाळी मुलगा त्याच पायरीवर असतो.

तुम्ही लिहिलंय की पाच-सात संस्था एकाच वॉर्डात आल्या की कोणी काय करायचं हे ठरत नाही आणि सगळ्यांकडे वेगवेगळे फॉर्म असतात. फॉर्मवरच आधी बोलते, कारण माझी जुनी भांडणं तिथलीच आहेत. बाल न्याय कायदा, बाल कल्याण समिती (एकट्या, संकटातल्या मुलांबद्दल आदेश देणारी जिल्ह्याची समिती), १०९८ (मुलांची हेल्पलाइन) वगैरे तुम्हाला ठाऊक आहे असं धरते.

पूर्व उपनगरातली एक पालिका शाळा. नाल्याकाठची वस्ती रिकामी करून माणसं तिथे आणलेली, बाकडी एकावर एक रचून वर्गांत चटया टाकलेल्या. तीन संस्था मुलांची नोंद करत होत्या, तिघींचे फॉर्म वेगळे. एका मुलाचं नाव पहिलीने लिहिलं छोटू, वय सात, कारण तो तसं म्हणाला. दुसरीने दप्तरावरचं शाळेतलं नाव घेतलं, वय नऊ. तिसरीने शेजारी बसलेल्या बाईंना विचारलं आणि त्या बाईंचंच आडनाव त्याला लावून टाकलं. तिन्ही याद्या जोडल्यावर "एकटी" मुलं एकवीस झाली आणि तोच आकडा वर गेला. सगळ्यांना एका वर्गात बसवून डोकी मोजली तर नऊ. त्यातली पाच आजी नाहीतर मावशीबरोबर होती. ती आईवडिलांपासून ताटातूट झालेली असतात, एकटी नसतात. त्यांना आजीपासून उचलायचं नसतं, आजीला आधार द्यायचा असतो. खरी एकटी चार.

त्या छोटूसाठी पहिल्या संस्थेने नियमाप्रमाणे समितीकडे धाव घेतली. दुसरीने दिवा स्टेशनजवळ राहणाऱ्या त्याच्या मामाला फोनवर शोधून काढलं. गाड्या बंद, तो रुळांवरून चालत निघालेला. दोघींना एकमेकींचं काम माहीत नाही. मामा पोचला तेव्हा मुलगा बालगृहात होता. मग मामा तोच आहे याची खातरजमा, घरचौकशीचा अहवाल, समितीची पुढची तारीख. आई जवळच्याच रुग्णालयात पायाला प्लास्टर घालून पडलेली. आठवडाभर मूल बालगृहात राहिलं ते कायद्यामुळे नाही, दोन याद्या एकमेकींना भेटल्या नाहीत म्हणून.

तिसऱ्या संस्थेने तर फळ्यावर खडूने मथळा लिहिला, "हरवलेली मुले", आणि खाली नाव, वय, कपड्यांचा रंग, एका रकान्यात "आईवडील नाहीत". ज्या वर्गात कुणीही येत-जात होतं तिथे. दुपारी एक गृहस्थ आले, सहा वर्षांच्या मुलीचं नाव घेऊन म्हणाले, मी काका. स्वयंसेविका मुलीला आणायला उठलीच होती. तिला थांबवून विचारलं, घरी हिला काय हाक मारतात? गृहस्थांनी फळ्याकडे पाहिलं. आधी फोन करून येतो म्हणून गेले ते परत आले नाहीत.

यावरून फॉर्म कसा असावा ते बघा. सगळ्या संस्थांचा एकच, एक पानी. मुलाला घरात काय म्हणतात, शाळेत काय नाव आहे, आईचं नाव (मुलं "अम्मी" किंवा "मम्मी" एवढंच सांगतात, मग शेजारणी आईला काय हाक मारतात ते विचारा), भावंडं, गाव, भाषा, घराजवळचं स्टेशन, मशीद, देऊळ, रेशन दुकान, कुठे सापडलं, कोणी आणलं, अंगावर काय होतं. "अनाथ" असा रकाना छापूच नका. पहिल्या आठवड्यात कुणीही अनाथ ठरत नसतं. अत्याचाराबद्दल या पानावर काही विचारायचं नाही. त्याचं पान वेगळं, आणि ते प्रशिक्षण घेतलेल्या माणसानेच भरायचं. प्रत्येक पानाला नंबर: वॉर्ड, शाळा, अनुक्रमांक. बैठकीत, ग्रुपवर, अहवालात फक्त नंबर फिरतो. नाव केस बघणाऱ्या कार्यकर्त्याकडे, घटनेचा तपशील तो कार्यकर्ता आणि त्याचा पर्यवेक्षक यांच्याकडे. फोटो ग्रुपवर नाही. मुलाची ओळख जाहीर केली तर बाल न्याय कायद्याच्या कलम ७४ खाली सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. "पण फोटोने घरचे लवकर सापडतात" हे मला ऐकवू नका. फोटोने कोण कोण सापडतं ते फळ्यापाशी पाहिलंय. फोटो लावायचाच असेल तर ते समिती आणि पोलीस ठरवतील.

मूल मागायला आलेल्या माणसाला मूल आधी दाखवायचं नाही. त्याच्याकडून माहिती घ्यायची, मुलाकडून वेगळी घ्यायची, मग ताडून बघायची. मुलाला "तुझ्या आईचं नाव सुनीता ना?" असं विचारलं की ते हो म्हणतं. जुळलं तरी ताबा समितीच्या आदेशाने, आणि आदेशाचा नंबर त्याच पानावर.

आता कोणी काय करायचं. मुलं एकटी दिसली की २४ तासांत १०९८, पोलीस, समिती किंवा जिल्हा बाल संरक्षण कक्ष (मुलांच्या संरक्षणाचं जिल्ह्याचं सरकारी कार्यालय) यांपैकी कुणाला तरी कळवणं बंधनकारक आहे. लपवलं तर कलम ३४ खाली शिक्षा आहे. समितीपुढे हजर करायलाही २४ तासच, त्यात प्रवासाचा वेळ धरत नाहीत. समिती बसलेली नसेल तर एका सदस्यापुढेही नेता येतं. रात्री साडेदहाला हे कुणाला आठवत नाही, म्हणून एका पानावर नंबर लिहून प्रत्येक निवारा शाळेत चिकटवा: दोन्ही जिल्ह्यांच्या समित्यांचे सदस्य, विशेष बाल पोलीस पथक, संरक्षण कक्ष, जवळचं पालिका रुग्णालय, आणि प्रत्येकापुढे दुसरा एक पर्यायी नंबर. चिकटवण्याआधी प्रत्येक नंबर लावून बघा. अर्धे बंद निघतात. दोन्ही जिल्हे म्हणाले कारण मुंबईत जिल्हे दोन, शहर आणि उपनगर, आणि समित्या वेगळ्या. सायनला सापडलेलं मूल मुंबई शहरात, कुर्ल्याला सापडलेलं उपनगरात. मूल चुकीच्या समितीपुढे नेलंत की दिवस गेला.

मग तक्ता. ओळींत निवारा शाळा, रकान्यांत काम: नोंदणी, रात्रीची सोबत, केस, खेळाची जागा, मुलींसाठी संडासाजवळ दिवा. चौकटीत संस्थेचं नाव आणि आज रात्री त्या संस्थेची किती माणसं तिथे झोपणार तो आकडा. "क्षमतावर्धन" वगैरे लिहू देऊ नका. तक्ता भरला की दरवेळी तेच दिसतं: खेळाच्या जागेच्या चौकटीत चार-चार नावं, रात्रीच्या सोबतीची चौकट रिकामी. फुगे आणि रंगपेट्या फोटोत छान दिसतात. स्टेशनजवळच्या शाळेत चार संस्था, आत दोन किलोमीटरवरच्या शाळेत कुणीच नाही, कारण तिथे रिक्षा जात नाही. हा तक्ता रोज संध्याकाळी ताजा व्हायला हवा, आणि रिकाम्या चौकटी कोण उचलतंय यावरच बैठक व्हायला हवी. इतर गप्पा बैठकीनंतर चहावर.

बैठक पाऊण तासाची, पहिला आठवडा रोज, मग आठवड्यातून दोनदा. ती बाधित वॉर्डातच घ्या. फोर्टातल्या सभागृहात ठेवलीत तर हार्बर लोकल बंद असताना ज्यांनी यायला हवं ते येत नाहीत, ज्यांना काही काम नाही ते येतात. इतिवृत्त त्याच रात्री, मराठीत किंवा हिंदीत: काय ठरलं, कोण करणार, कधीपर्यंत. इंग्रजीत लिहिलेलं निवाऱ्यातली अंगणवाडी सेविका वाचत नाही, आणि मुलं तिलाच माहीत असतात. वॉर्ड ऑफिसचा माणूस आणि संरक्षण कक्षाचा माणूस बैठकीत नसेल तर ती बैठक धरू नका. परदेशी आपत्तीत संयुक्त राष्ट्रांची क्लस्टर पद्धत असते, म्हणजे एकेका विषयाचा समन्वय एकेका संस्थेकडे; मुलांच्या संरक्षणाचं नेतृत्व युनिसेफकडे असतं; आपल्याकडे पुढे सरकारच असतं. तरी आपत्तीतल्या बाल संरक्षणाची तिथली किमान मानकं (२०१२ची, २०१९ साली सुधारलेली, एकूण २८) वाचा. पहिलंच मानक समन्वयाचं आहे. त्यातला एक आकडा भिंतीवर लावा: एका कार्यकर्त्याकडे २५पेक्षा जास्त मुलं नाहीत. साठ मुलं दिलीत तर तो फक्त फॉर्म भरतो.

दत्तकबद्दल तुम्ही विचारलं नाही, पण फोन येतीलच. "एक छोटी मुलगी असेल तर आम्ही घेऊ." २०२१च्या मे महिन्यात कोविडमध्ये असे मेसेज सगळ्यांच्या फोनवर होते. २००७ साली चाडमधून १०३ मुलं फ्रान्सला नेण्याचा प्रयत्न झाला, अनाथ म्हणून. बहुतेकांच्या घरी कुणी ना कुणी मोठं होतं. २०१० साली हैतीच्या भूकंपानंतर ३३ मुलं सीमेपलीकडे नेताना लोक पकडले गेले, तिथेही बहुतेकांचे पालक जिवंत होते. नेणारे सगळे स्वतःला देवमाणसं समजत होते. शोध चालू असेपर्यंत दत्तकाचा विषय बंद, आणि नंतरही फक्त केंद्रीय दत्तक संसाधन प्राधिकरणाच्या वाटेने. हे पहिल्या बैठकीत सगळ्या संस्थांकडून लिहून घ्या.

बैठक चालवायची कोणी, हा तुमच्या प्रश्नातला खरा अवघड भाग, आणि यावर माझं एका मोठ्या संस्थेच्या कार्यक्रमप्रमुखांशी वर्षानुवर्षं वाजलंय. त्यांचं म्हणणं: ज्याची माणसं जास्त तोच समन्वय करणार, त्यासाठी वेगळा माणूस बसवणं म्हणजे पगार वाया. माझं म्हणणं उलट. ज्याचं स्वतःचं केंद्र चालू आहे त्याच्या हातात तक्ता दिलात की रिकाम्या चौकटी त्याच्या सोयीच्या शाळांत भरतात, दुसऱ्याची तक्रार इतिवृत्तात येत नाही, आणि देणगीदाराला पाठवायच्या आकड्यात सगळ्यांची मुलं त्याच्या नावावर जमा होतात. वर सांगितलेले एकवीस तसेच झाले. फळा कुणाचा होता हे सांगत नाही, पण त्या दिवशी बैठकीच्या अध्यक्षपदी कोण होतं ते ओळखा. फळ्याचा विषय कार्यसूचीवर आला का? नाही आला.

समन्वयकाला स्वतःचं केंद्र नको, स्वतःचा निधी नको, टी-शर्टवर लोगो नको. त्याच्या जोडीला याद्या जुळवणारा एक माणूस हवा; तो दिवसभर फक्त नंबर आणि नावं ताडून बघेल. दोन पगार. सात संस्थांनी वाटून घेतले तर एका फ्लेक्सच्या बजेटात बसतात. कार्यक्रमप्रमुख म्हणायचे, निष्पक्ष माणूस मिळतो कुठे? निवृत्त पर्यवेक्षिका, समाजकार्याच्या महाविद्यालयातले फील्डवर्क बघणारे शिक्षक, संरक्षण कक्षातलाच अधिकारी. शोधलं की मिळतात, मात्र शोध पावसाच्या आधी घ्यायला हवा.

अर्थात दोनच संस्था आणि एकच शाळा असेल तर यातलं निम्मं सोडून द्या. एक फॉर्म, एक नंबरांचं पान आणि रोजची वीस मिनिटं पुरतात. आणि मोठ्या संस्था नकोत असंही नाही, ट्रक आणि रात्रीची माणसं त्यांच्याकडेच असतात.

अ‍ॅपचं राहिलं. शंभर-दीडशे मुलांपर्यंत एक जाड रजिस्टर, पासवर्ड लावलेली एक एक्सेल शीट आणि कुलपाचं कपाट चालतं. किल्ली कुणाकडे ते लिहून ठेवा. त्यापुढे सीपीआयएमएस प्लससारखी बाल संरक्षणाच्या केस-व्यवस्थापनाची संगणकप्रणाली लागते, पण माहिती कुणाच्या मालकीची, कोणाला किती दिसणार, संस्था निघून गेल्यावर फाइल कोणाकडे जाणार, हे आधी कागदावर ठरलेलं असावं लागतं. वॉर्ड ऑफिसमध्ये बसून हे एप्रिल-मेमध्ये ठरवा. जुलैत पाणी भरल्यावर कोणी बसत नाही.