हाडामांसाचा विषय, पोटापाण्याचा प्रश्न

डिचोलीहून एका वडिलांचं पत्र आलंय. मुलगी २१ वर्षांची, आल्तिनोच्या गोवा कला महाविद्यालयात बीएफएच्या तिसऱ्या वर्षाला. तिला मानवी देह हाच विषय घेऊन छायाचित्रण करायचंय, त्यात नग्नदेहही आला. ‘गावात तोंड कसं दाखवू, आणि यात पोट भरतं का?’ असं ते विचारतात. सोबत तिने टिपलेले आजीचे हात आहेत.

सप्रेम नमस्कार.

आधी त्या हातांबद्दल. भिरंडं, म्हणजे कोकमाची फळं, फोडून लाल झालेली बोटं, नखांच्या कडेला साचलेला रंग, आणि खिडकीचा उजेड फक्त मनगटाच्या शिरांवर. चेहरा नाही, तरी बाई कळते. मुलीची नजर तयार होतेय, हे मी तुम्हाला खूश करायला म्हणत नाही.

या विषयाचं मूळ उजेडातच आहे. अमेरिकन छायाचित्रकार एडवर्ड वेस्टनने १९३० साली पत्र्याच्या नरसाळ्यात एक ढोबळी मिरची ठेवून छायाचित्र काढलं. बघणाऱ्याला तिथे वाकलेली पाठ दिसते. जॉन कोप्लान्सने साठी ओलांडल्यावर स्वतःचंच सुरकुतलेलं, सुटलेलं शरीर टिपलं, आणि चेहरा कायम चौकटीबाहेर ठेवला. देह म्हणजे तरुण, सुंदर बाई, हा समज जाहिरातींनी करून दिलेला. तुमची लेक तर आजीपासून सुरुवात करतेय!

आता लोकांचं आणि कायद्याचं. सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली अवीक सरकार खटल्यात स्पष्ट केलं की चित्रात नग्नता आहे एवढ्यावरून ते अश्लील ठरत नाही. संदर्भ आणि आजच्या समाजाची दृष्टी पाहावी लागते. प्रकरण टेनिसपटू बोरिस बेकर आणि त्याच्या वाग्दत्त वधूच्या छायाचित्राचं होतं. आणि गंमत म्हणजे, ते तिच्या वडिलांनीच काढलेलं! पण म्हणून गोव्यात कुठेही कॅमेरा लावावा असं नाही. २०२० साली काणकोणात चापोली धरणावर अश्लील चित्रीकरण केल्याच्या आरोपावरून गुन्हा दाखल झाला होता. किनारा, धरण, देवळाचा परिसर वर्ज्य. काम बंद खोलीतच.

खरी जोखीम मला वेगळीच दिसते: संमतीची. मॉडेल १८ वर्षांवरची हवी, आणि संमतीपत्र लेखी, तिला कळेल अशा भाषेत. छायाचित्र काढायला हो म्हटलं म्हणजे ते इतरांना दाखवायलाही हो म्हटलं, असं होत नाही. बाईने काढायला परवानगी दिली पण पसरवायला नाही, तर भारतीय न्याय संहितेच्या कलम ७७ खाली तो गुन्हा ठरू शकतो. म्हणून प्रदर्शन, पुस्तक, इंटरनेट अशा प्रत्येक वापराला वेगळी सही. खोलीत मॉडेलच्या विश्वासाचं तिसरं माणूस, अंगावर घ्यायला झगा जवळ, आणि ‘पुरे’ म्हटलं की काम थांबलं. हे ती पाळते का, एवढं तुम्ही हक्काने विचारा. बाकी विषय तिचा तिला ठरवू द्या.

पोटाचं सरळ सांगतो. नुसत्या प्रदर्शनांवर संसार चालवणारे थोडे. पण अंगावर उजेड कसा पाडायचा हे ज्याला कळतं, त्याला दागिने, कापड, नृत्य, नाटक अशी बरीच दारं उघडतात, आणि गोव्यात लग्नं नि हॉटेलं आहेतच. अशी कामं करणं म्हणजे कलेशी बेइमानी, असं तिला वाटत असेल तर तो हट्ट मात्र सोडायला सांगा.

पुढचं शिक्षण घ्यायचं तर गांधीनगरच्या एनआयडीत (राष्ट्रीय डिझाइन संस्थेत) फोटोग्राफी डिझाइनमध्ये एम.डेस. ही पदव्युत्तर पदवी आहे, चार वर्षांच्या बीएफएनंतर डॅट ही प्रवेश परीक्षा देऊन जाता येतं. तोवर महाविद्यालयातला जिवंत मॉडेलसमोरच्या रेखाटनाचा तास बुडवू नये. सांधा कुठे वळतो हे हाताला कळलं की कॅमेराही तिथेच थांबतो. पोर्टफोलिओत पन्नास सुटी चित्रं भरण्यापेक्षा एकाच विषयाची बारा-पंधरा असू देत, आणि आजीच्या हातांची मालिका तिने या वर्षातच पुरी करावी. डिसेंबरात पणजीत सेरेंडिपिटी कला महोत्सव भरतो, तेव्हा तुम्ही दोघं मिळून जा. आईलाही न्या, तुमच्या पत्रात त्यांचं मत कुठेच आलेलं नाही.