फायरफॉक्ससाठी लिहिलेले ट्रॅकर अडवणारे एक्स्टेन्शन क्रोमवर नेताना मॅनिफेस्ट बदलून भागेल का?

तुम्ही लिहिले आहे की फायरफॉक्ससाठी तुम्ही एक लहानसे एक्स्टेन्शन तयार केले आहे. ते तिऱ्हाईत ट्रॅकर अडवते, पानावर घुसवलेल्या अनोळखी चौकटी काढून टाकते आणि दुव्यांच्या शेवटी जोडलेली माग काढणारी शेपटी छाटते. वर्गातले बहुतेक जण क्रोम वापरतात, म्हणून मॅनिफेस्ट फाइल (एक्स्टेन्शनचे नाव, परवानग्या आणि भाग सांगणारी फाइल) बदलून आणि कोडमध्ये ‘ब्राउझर’च्या जागी ‘क्रोम’ लिहून ते तिकडे चढवता येईल का, असा तुमचा प्रश्न आहे. तुमच्याप्रमाणे मीही पुण्यातच असतो आणि जवळजवळ असेच एक एक्स्टेन्शन मी फायरफॉक्सवरून क्रोमवर नेले आहे. त्या अनुभवावरून सांगतो, की एवढे बदल करून एक्स्टेन्शन चढेल, चालतानाही दिसेल, पण वापरणाऱ्यांना तुम्ही दिलेला शब्द दोन-तीन ठिकाणी मोडलेला असेल आणि ते तुमच्या लवकर लक्षातही येणार नाही. म्हणून कोडला हात लावण्याआधी एका कागदावर लिहून काढा, की फायरफॉक्सवर तुमचे एक्स्टेन्शन नेमके काय काय कबूल करते. मग त्यातली एकेक गोष्ट क्रोमवर खरोखर पाळता येते का, ते पाहा.

नावांतला फरक किरकोळ आहे. फायरफॉक्सने नोव्हेंबर २०१७ मध्ये, ५७व्या आवृत्तीपासून, आपली जुनी एक्स्टेन्शने बंद करून वेबएक्स्टेन्शन्सची पद्धत घेतली. ती क्रोमच्याच पद्धतीवर बेतलेली असल्याने दोन्हीकडचा बराचसा कोड सारखा असतो, आणि उरलेले अंतर फायरफॉक्स बनवणाऱ्या मोझिलाचा ‘वेबएक्स्टेन्शन पॉलिफिल’ हा दोन्हीकडची नावे जुळवून देणारा तयार कोड भरून काढतो. खरी फारकत मॅनिफेस्टच्या तिसऱ्या आवृत्तीपाशी झाली. क्रोमने जून २०२४ पासून दुसऱ्या आवृत्तीची एक्स्टेन्शने टप्प्याटप्प्याने बंद केली, त्यामुळे तिथे तुम्हाला तिसरीशिवाय पर्याय नाही. फायरफॉक्सने जानेवारी २०२३ मध्ये तिसरी आवृत्ती स्वीकारली, पण दुसरी सोडली नाही, आणि निघालेली रिक्वेस्ट (पानाने सर्व्हरकडे केलेली मागणी) थांबवून तिच्याबद्दल एक्स्टेन्शनच्या कोडने निर्णय घेण्याची सोय दोन्ही आवृत्त्यांत ठेवली. क्रोमने ती सोय सर्वसामान्य एक्स्टेन्शनांकडून काढून घेतली, आणि तुमचे सगळे एक्स्टेन्शन बहुधा तिच्यावरच उभे असेल.

तिच्या जागी क्रोमवर डिक्लेरेटिव्ह नेट रिक्वेस्ट ही पद्धत वापरावी लागते. तुम्ही नियमांची यादी आधीच ब्राउझरच्या हाती द्यायची आणि अडवायचे काम ब्राउझरने करायचे. कोणती रिक्वेस्ट कुठे निघाली हे तुमच्या कोडला कळतही नाही. खासगीपणाच्या बाजूने पाहिले तर यात चांगले आहे, हे मी मोकळेपणाने मान्य करतो: नुसते अडवायचे असेल तर प्रत्येक संकेतस्थळ वाचण्याची परवानगी मागावी लागत नाही, आणि यादी पॅकेजमध्येच असल्याने ती आणण्यासाठी रोज कुठल्या सर्व्हरला विचारावेही लागत नाही. पॅकेजमधल्या ३०,००० नियमांची हमी प्रत्येक एक्स्टेन्शनला असते आणि तुमच्यासारख्या कामाला ते पुष्कळ आहेत. रेग्युलर एक्स्प्रेशनचे, म्हणजे मजकुराचा साचा जुळवणारे, नियम मात्र १,००० च्या वर चालत नाहीत, तेव्हा तुमच्या यादीत ते किती आहेत ते मोजून घ्या. माझ्या यादीतले निम्मे तर साध्या नियमांनी लिहिता येण्यासारखे होते.

शेपटी छाटण्याच्या कामात एक खाच आहे आणि तिने माझे पुरते आठ दिवस खाल्ले. पत्त्यातून ‘यूटीएम’ किंवा ‘एफबीक्लिड’सारखे माग काढणारे घटक काढण्यासाठी या पद्धतीत तयार सोय आहे. मी नियम लिहिले, क्रोमने ते तक्रार न करता घेतले, आणि तरीही व्हॉट्सअ‍ॅपवर आलेला दुवा उघडला की पत्त्याच्या पट्टीत शेपटी जशीच्या तशी दिसे. कारण असे, की नियमात रिक्वेस्टचे प्रकार लिहिले नाहीत तर तो नियम चित्रे, स्क्रिप्ट, चौकटी अशा सगळ्यांना लागू होतो, पण मुख्य पानाला होत नाही. मुख्य पानाचा प्रकार नावानिशी लिहावा लागतो. शिवाय पत्ता बदलणारा नियम असेल तर त्या संकेतस्थळाची परवानगी लागते, ती नसेल तर नियम गुपचूप पडून राहतो. शेपटी छाटली जाते असे नुसते वर्णनात लिहून मोकळे होण्याआधी हे दोन्ही तपासा.

आता बॅकग्राउंड स्क्रिप्टविषयी, म्हणजे एक्स्टेन्शनच्या पडद्यामागे चालणाऱ्या कोडविषयी, सविस्तर लिहितो, कारण सर्वांत जास्त नुकसान इथे होते. फायरफॉक्सवर दुसऱ्या आवृत्तीत तुमची बॅकग्राउंड स्क्रिप्ट ब्राउझर उघडल्यापासून बंद होईपर्यंत जागी असते, म्हणून आपण सगळी माहिती सरळ व्हेरिएबलमध्ये ठेवतो. क्रोमवर तिची जागा सर्व्हिस वर्कर घेतो, आणि ३० सेकंद काही काम नसेल तर क्रोम त्याला बंद करतो. पुन्हा गरज पडली की तो नव्याने सुरू होतो, पण त्याच्या व्हेरिएबलमध्ये ठेवलेले सगळे तोवर गेलेले असते.

माझी आत्या सदाशिव पेठेत राहते आणि माझे एक्स्टेन्शन ती पहिल्या दिवसापासून वापरते. त्यांच्या सोसायटीचा मासिक देखभाल खर्च ऑनलाइन भरावा लागतो, आणि पैसे भरण्याची चौकट दुसऱ्याच पत्त्यावरून येत असल्याने ती माझ्या एक्स्टेन्शनने काढून टाकू नये म्हणून आत्या ढालीच्या चिन्हावर टिचकी मारून त्या पानापुरते ते थांबवत असे. एके दिवशी तिचा फोन आला: “अरे, तुझी ती ढाल मी बंद केली होती, पण ओटीपी बघायला स्वयंपाकघरातून मोबाइल घेऊन आले तोवर ओटीपी टाकायची चौकटच गायब झाली. पैसे गेले का राहिले?” पैसे गेले नव्हते, पण ती घाबरली होती आणि चूक पूर्णपणे माझी होती. थांबवलेल्या संकेतस्थळांची यादी मी व्हेरिएबलमध्ये ठेवली होती. आत्या स्वयंपाकघरात जाऊन येईपर्यंत सर्व्हिस वर्कर बंद पडला होता. पानावरच्या स्क्रिप्टने पुन्हा विचारले तेव्हा नव्याने उठलेल्या वर्करकडे रिकामी यादी होती, आणि त्याने प्रामाणिकपणे चौकट काढून टाकायला सांगितले.

तिच्या घरी, तिच्याच टेबलावर बसून मी दोन संध्याकाळी हे पुन्हा घडवून पाहण्याचा प्रयत्न केला आणि एकदाही घडले नाही. त्याचे कारण नंतर कळले: सर्व्हिस वर्कर तपासण्यासाठी डेव्हलपर टूल्सची खिडकी उघडी ठेवली की क्रोम त्याला बंदच करत नाही, म्हणजे दोष शोधायला बसलो की दोष लपतो. ती खिडकी बंद ठेवून, मिनिटभर थांबून, मग चाचणी घ्या. वर्करमधले सगळे लिसनर (एखादी घटना घडली की चालणारे कोडचे तुकडे) फाइलच्या सुरुवातीलाच, कशाचीही वाट न पाहता नोंदवा, आणि लांबच्या मुदतीसाठी टायमरऐवजी ब्राउझर स्वतः सांभाळतो तो अलार्म वापरा.

या दोषावरचा जो उपाय सर्वांना आधी सुचतो तो खासगीपणाच्या एक्स्टेन्शनने करू नये, असे माझे ठाम मत आहे. माहिती टिकत नाही ना, मग ती स्टोरेजच्या (ब्राउझर एक्स्टेन्शनला माहिती ठेवायला देतो त्या जागेच्या) लोकल भागात लिहा, असे कुणीही सांगेल. तसे केले तर माहिती टिकते खरी, पण माणसाने कुठल्या कुठल्या संकेतस्थळावर ढाल थांबवली याची यादी डिस्कवर लिहिली जाते. इनकॉग्निटोच्या खिडकीत थांबवलेले नावही त्याच यादीत जाते, कारण तो भाग दोन्ही प्रकारच्या खिडक्यांना सामाईक असतो. ज्याने इतिहास मागे राहू नये म्हणून ती खिडकी उघडली, त्याचा इतिहास आपणच लिहून ठेवायचा, हे आपल्या हातून होता कामा नये. त्यासाठी स्टोरेजचा सेशन भाग वापरा. तो क्रोमच्या १०२व्या आवृत्तीपासून आहे, फक्त मेमरीत राहतो, वर्कर बंद पडला तरी टिकतो, ब्राउझर बंद केला की पुसला जातो, आणि त्यात आता सुमारे १० एमबी माहिती मावते. वापरकर्त्याने ‘कायमचे थांबवा’ असे स्वतः निवडले असेल तरच लोकल भागात लिहा. सिंक भाग तर टाळाच: क्रोमवर तो वापरकर्त्याच्या गूगल खात्याशी जोडलेला असतो.

आता जे क्रोमवर नेताच येत नाही त्याविषयी. काही ट्रॅकर संकेतस्थळाच्याच उपनावामागे दडतात, म्हणजे पत्ता त्या संकेतस्थळाचा दिसतो, पण डीएनएसमधली (नावावरून सर्व्हर शोधून देणाऱ्या यंत्रणेतली) सीनेम नोंद, म्हणजे एक नाव दुसऱ्या नावाशी जोडणारी नोंद, ट्रॅकरच्या सर्व्हरकडे बोट दाखवते. फायरफॉक्स एक्स्टेन्शनला डीएनएसची विचारणा करू देतो, त्यामुळे हा बुरखा काढता येतो. क्रोमच्या नेहमीच्या आवृत्तीत तशी सोय नाही. इथे मला मोह झाला होता, तो सांगतो. एखाद्या सार्वजनिक डीएनएस सेवेला आपल्या कोडमधून विचारायचे आणि खरे नाव शोधायचे, असे लिहून पाहिले आणि ते चालतही होते. पण त्याचा अर्थ असा, की माणूस जिथे जिथे जाईल त्या प्रत्येक जागेचे नाव माझे एक्स्टेन्शन तिसऱ्याच कुणाला कळवणार. ते मी त्याच रात्री काढून टाकले आणि क्रोमच्या आवृत्तीच्या वर्णनात पहिल्याच परिच्छेदात लिहिले, की उपनावामागे दडलेले ट्रॅकर ही आवृत्ती ओळखू शकत नाही, फायरफॉक्सची ओळखते. ‘यूब्लॉक ओरिजिन’ या जाहिराती अडवणाऱ्या एक्स्टेन्शनचे कर्ते रेमंड हिल यांनी मॅनिफेस्टच्या तिसऱ्या आवृत्तीसाठी ‘यूब्लॉक ओरिजिन लाइट’ हे वेगळे एक्स्टेन्शन वेगळ्या नावाने काढले, ही मला अशा वेळी वागण्याची योग्य रीत वाटते; कमी करणाऱ्या वस्तूवर पूर्ण करणाऱ्या वस्तूचे नाव राहू नये.

आणखी एक गोष्ट फायरफॉक्सवरून येणाऱ्याच्या ध्यानात येत नाही. फायरफॉक्स प्रत्येक संगणकावर एक्स्टेन्शनला वेगळा, यदृच्छेने ठरवलेला अंतर्गत पत्ता देतो. क्रोमवर तो ओळखक्रमांक सर्वांकडे एकच असतो. त्यामुळे ढालीचे चित्र पानावर दाखवता यावे म्हणून तुम्ही ती फाइल संकेतस्थळांना खुली केली असेल, तर कोणतेही संकेतस्थळ ती मागून पाहू शकते आणि समोरच्याकडे तुमचे एक्स्टेन्शन आहे हे ओळखू शकते. माग चुकवण्यासाठी घेतलेली वस्तूच अशी माग काढायची खूण होते. अशी फाइल खुली करूच नका; चित्र लागत असेल तर ते कोडमध्येच एसव्हीजी (मजकुराच्या रूपात लिहिता येणारे चित्र) म्हणून लिहा.

बाकीचे पटकन उरकण्यासारखे आहे. दोन वेगळे कोड सांभाळू नका: दोन्ही ब्राउझरांच्या १२१व्या आवृत्तीपासून एकाच मॅनिफेस्टमध्ये बॅकग्राउंड स्क्रिप्ट आणि सर्व्हिस वर्कर दोन्ही लिहिता येतात, आणि जो तो आपल्या कामाचे तेवढे उचलतो. क्रोमच्या स्टोअरवर नोंदणीसाठी एकदाच ५ डॉलर भरावे लागतात, आणि कोणती माहिती गोळा करता तसेच प्रत्येक परवानगी का हवी हे लिहून द्यावे लागते. तो रकाना घाईत भरू नका. एखाद्या परवानगीसमोर दोन सरळ वाक्ये सुचत नसतील तर ती परवानगी मॅनिफेस्टमधून काढून एक्स्टेन्शन चालवून पाहा. माझ्या बाबतीत ‘टॅब्स’ची परवानगी अशीच निघाली आणि काहीही अडले नाही.

तुमच्या यादीत किती नियम पत्ता बदलणारे आहेत आणि किती नुसते अडवणारे, हे खाली कळवलेत तर त्यांचे रूपांतर कसे करायचे ते मी उदाहरणासह लिहीन.