वाचक विचारतात: धनेश, ढोली आणि बागेतलं जुनं झाड

प्रश्न: आमच्या सोसायटीतल्या वडावर राखाडी धनेश येतात, गावी कुडाळला गेलो की तिथेपण दिसतात. मग कोकणातला धनेश धोक्यात आहे असं का म्हणतात? (एक वाचक, पुणे)

हे दोन वेगळे पक्षी आहेत. पुण्यात दिसतो तो राखी धनेश, तो भारतात खूप ठिकाणी आहे, चोचीवर छोटं टोकदार शिंग असतं बघा. तिलारी, आंबोलीकडून खाली गोव्यात म्हादई, नेत्रावळी आणि पुढे पार केरळपर्यंत जो आहे तो मलबारी राखी धनेश, त्याच्या चोचीवर शिंग नसतंच, आणि ओरडतो तेव्हा झाडावर बसून कुणीतरी खदाखदा हसतंय असं वाटतं. हा पश्चिम घाट आणि त्याच्या आसपासची जंगलं सोडून जगात कुठेही नाही, म्हणून त्याची काळजी जास्त. 2020 मध्ये आययूसीएनने (जगभरातल्या धोक्यातल्या जीवांची यादी करणारी संस्था) त्याला असुरक्षित गटात टाकलंय. कोकणात काळापांढरा कवड्या धनेश आणि सगळ्यात मोठा महाधनेशपण आहे, पण ते दोघं बाहेरही सापडतात.

प्रश्न: आमचं चार एकर मालकीचं रान आहे. ठेकेदार सगळी झाडं एकरकमी मागतोय, नंतर काजू लावायचा विचार आहे. त्यात एक जुना बेहडा आहे, त्याच्या ढोलीत दर उन्हाळ्यात धनेशाची जोडी येते. पैशांची गरज आहे, काय करू? (एक बागायतदार, कुडाळ तालुका)

दादा, गरज आहे म्हणताय तर रान तसंच ठेवा असं इथे बसून सांगणं मला योग्य वाटत नाही. पण तो बेहडा विकू नका, हे मात्र अगदी मनापासून सांगते.

कारण असं की धनेशाची चोच कितीही मोठी दिसली तरी त्याला सुतारपक्ष्यासारखं लाकूड कोरता येत नाही. फांदी मोडून, आतून कुजून आपोआप झालेली ढोली त्याला लागते आणि एवढी मोठी ढोली फक्त जुन्या जाड झाडातच होते, त्याला कितीतरी वर्षं जातात. मादी आत शिरते, विष्ठेने तोंड लिंपून घेते, चोच बाहेर येईल एवढी फट ठेवते आणि आत पिसं गाळून अंडी उबवते, म्हणजे उडूनपण जाता येत नाही तिला. तेव्हापासून पिल्लं बाहेर पडेपर्यंत साधारण तीन महिने जातात आणि सगळं खाणं नर आणतो, आधी फळं आणि पिल्लं झाली की किडे, सरडेसुद्धा. या काळात झाड पाडलं तर मादी आणि पिल्लं आतच मरतात, आणि नराला काही झालं तरी आतल्यांचे हाल होतात. तीच जोडी त्याच ढोलीत वर्षानुवर्षं येते, म्हणून एक बेहडा गेला की ती जोडी कुठे जाणार हा प्रश्न खरंच अवघड आहे, कारण शेजारच्या रानातले जुने वृक्षपण तसेच ठेकेदाराकडे गेलेले असतात.

मग करा काय, तर सौदा एकरकमी करू नका, झाड मोजून करा. बेहडा, उंबर, नांद्रुक, काजरा यांना चुन्याचे पट्टे मारा आणि ही सोडून असं कागदावर लिहून घ्या, नुसतं तोंडी नको. पोकळ झाडाला लाकूड म्हणून भाव तसाही कमीच येतो. काजऱ्याच्या बिया विषारी असतात म्हणून लोक तो पहिला तोडतात, पण धनेश त्याचा गर आवडीने खातात. फेब्रुवारी ते मे त्या भागात कुऱ्हाड लावू देऊ नका, आणि तोडीच्या परवानगीचं वनखात्याकडे आधी विचारा. 1972 च्या वन्यजीव कायद्यात घरटं आणि अंडी यांची नासधूस हीसुद्धा शिकार धरली जाते. काजू लावाल तेव्हा बेहड्याभोवतीची थोडी झाडी तशीच राहू द्या, एकटं झाड वाऱ्यात लवकर पडतं.

रत्नागिरी-सिंधुदुर्गात बरंचसं जंगल सरकारचं नाही, तुमच्यासारख्या लोकांच्या मालकीचं आहे, त्यामुळे इथे अभयारण्यापेक्षा सातबारावर ज्याचं नाव आहे त्याच्या निर्णयाला जास्त वजन आहे. अरुणाचलमध्ये पक्के व्याघ्र प्रकल्पाजवळ 2011 पासून न्यीशी जमातीचे गावकरी धनेशांच्या घरट्यांची राखण करतात, शहरातली माणसं घरटं दत्तक घेऊन त्यासाठी पैसे देतात. आपल्याकडे गावागावात असं काही उभं राहायला पाहिजे, झाड राखणाऱ्याला चार पैसे मिळाले तर ठेकेदाराला नाही म्हणणं सोपं जाईल.

प्रश्न: ढोल्या कमी झाल्या तर लाकडी पेट्या टांगून चालेल का? (एक विद्यार्थिनी, सावंतवाडी)

थायलंडमध्ये काही धनेशांनी पेट्या वापरल्यात, त्यामुळे प्रयत्न वाया जातो असं नाही. पण पेटीने खाण्याचा प्रश्न सुटत नाही, आसपास वड-उंबराची फळं नसतील तर नर आणणार कुठून? आधी गावातली जुनी झाडं फिरून बघ, नोंद कर. देवराया विशेष बघ, मंदिराचा जीर्णोद्धार निघाला की सभामंडपासाठी पहिली तीच झाडं जातात. त्या बैठकीत जाऊन बोललीस तर पेटीपेक्षा जास्त उपयोग होईल.

प्रश्न: घरटं सापडलंय, फोटो काढू का? (एक वाचक, देवरुख)

लांबून, आडोशाने, थोडाच वेळ. नर चोचीत फळ घेऊन शेजारच्या झाडावर नुसता बसून राहिला तर तो तुम्हाला घाबरलाय, लगेच मागे व्हा, कारण तेवढा वेळ आतली मादी उपाशी आहे. आणि ठिकाण ग्रुपवर टाकू नका, पिल्लं उडून गेल्यावरसुद्धा नको, पुढच्या वर्षी ती जोडी तिथेच येणार आहे.