अनुसंधानाला कुणी बसत नाही

सोलापुरातल्या एका वाचक ताईंनी विचारले आहे : 'आमच्या सत्संगात "रोज सकाळी अर्धा तास अनुसंधानाला बसा" असे सांगतात. अनुसंधान म्हणजे ध्यानच ना? मग केगावच्या डाळिंब केंद्राच्या पाटीवर हा शब्द कसा? आणि सरकारी पत्रात "आपल्या पत्राच्या अनुसंधानाने" असते, ते काय?'

पाटीचे आधी उरकतो. पाटी हिंदी आहे : 'राष्ट्रीय अनार अनुसंधान केंद्र'. हिंदीत अनुसंधान म्हणजे संशोधन. एखाद्या गोष्टीचा धागा धरून मागोवा घेत जाणे. 'इस्रो'च्या हिंदी नावातही हाच शब्द आहे. मराठीत त्या अर्थाला 'संशोधन' असताना हिंदीची उसनवारी करण्याचे कारण नाही. पत्राकडे शेवटी येतो.

आता 'अनुसंधानाला बसा'. हा प्रयोग हल्ली इतका ऐकू येतो की चीड येते, कारण त्याने एका उत्तम शब्दाचा कणाच मोडतो. मराठीत जपाला बसतात, पूजेला बसतात, ध्यानाला बसतात. अनुसंधानाला बसत नाहीत. अनुसंधान ठेवतात, ते राहते, सुटते, पुन्हा धरावे लागते. ध्यान 'लागते', समाधी 'लागते', नाद 'लागतो'. अनुसंधान 'लागले' असे जुनी माणसे म्हणत नाहीत. शब्दाभोवतीची क्रियापदे पाहिली तरी कळते की ही आसनावरची गोष्ट नव्हे, कामात असताना करायची गोष्ट आहे. हा शब्द मराठी घरांत रुळला त्यात गोंदवलेकर महाराजांचा (१८४५–१९१३) वाटा मोठा. गोंदवले ज्या माण तालुक्यात आहे तो आपल्या जिल्ह्याला लागूनच. त्यांचा सगळा भर प्रपंच करता करता नामाचे अनुसंधान ठेवण्यावर होता. प्रपंच बाजूला सारून अर्धा तास काढण्याला त्यांच्या बोलण्यात हा शब्द नाही.

ध्यान आणि अनुसंधान यांचा धातूसुद्धा एक नाही. ध्यान 'ध्यै' धातूवरून, म्हणजे चिंतन करणे. अनुसंधानातले 'धान' आले आहे 'धा' धातूवरून, म्हणजे ठेवणे. सम् + धा म्हणजे एकत्र ठेवणे, जोडणे. धनुष्याला बाण जोडणे ते शरसंधान, मोडलेले हाड जुळवणे ते भग्नसंधान, आणि निवडणुकीच्या दिवसांत वर्तमानपत्रे 'विरोधकांशी संधान बांधले' म्हणतात तेही हेच. म्हणून 'अनुसंध्यान' असे लिहिणे साफ चूक आहे.

याच 'संधा'पासून आपला घरगुती 'सांधणे' निघाला. सांधा, सांधेदुखी, सांदीकोपरा, रेल्वेतला सांधेवाला, सगळी एकाच घरची माणसे. अनुसंधान आणि सांधणे सख्खे आहेत, हे एकदा ध्यानात आले की अर्थाची अर्धी वाट सरते. राहिलेली अर्धी 'अनु'मध्ये आहे. अनु म्हणजे मागून, पाठोपाठ. माझे ठाम मत असे की अनुसंधान म्हणजे तुटल्यावर मागून सांधणे, आणि दर वेळी सांधणे.

प्रवचनकार इथे हमखास आडवे येतात. ते म्हणतात, अनुसंधान अखंड असते, तेलाच्या धारेसारखे. तुटले तर ते अनुसंधानच नव्हे. तेलाच्या धारेचा दाखला वेदान्तात ध्यानासाठी आहे. तो उचलून इथे चिकटवल्याने साधकाचे नुकसान होते. मनाची धार दहा सेकंदांत तुटते, मग माणूस स्वतःला नालायक ठरवतो आणि चार दिवसांत सगळेच सोडतो. 'अखंड अनुसंधान' हा प्रयोग मला मान्य आहे, पण त्यातले अखंडपण सांधण्याचे आहे. जे तुटतच नाही त्याला कोण सांधायला जाईल?

माझ्या म्हणण्याला एक जुना पुरावा आहे आणि तो या चर्चांमध्ये कुणी काढत नाही. वैशेषिक दर्शनात, म्हणजे भारतीय तत्त्वज्ञानाच्या एका जुन्या शाखेत, प्रशस्तपाद या आचार्याने अनुमानाचे (तर्काने निष्कर्ष काढण्याचे) ५ अवयव, म्हणजे पायऱ्या, सांगितले : प्रतिज्ञा, अपदेश, निदर्शन, अनुसंधान, प्रत्याम्नाय. नैयायिक (न्याय दर्शनाचे पंडित) ज्याला 'उपनय' म्हणतात, त्या चौथ्या अवयवाला इथे 'अनुसंधान' हे नाव आहे. डोंगरावर आग आहे (प्रतिज्ञा), कारण धूर दिसतो (अपदेश), धूर तिथे आग, जशी चुलीत (निदर्शन). इथपर्यंत आपण डोंगर सोडून स्वयंपाकघरात पोहोचलो. मग चौथी पायरी : 'तसाच धूर या डोंगरावर आहे.' भटकून आलेला विचार मूळ विषयाला परत जोडला, याचे नाव अनुसंधान. नामाचे अनुसंधान याहून वेगळे काय आहे? मन चुलीपाशी गेले, त्याला आणून डोंगराला जोडले. तर्कातला अर्थ आणि साधनेतला अर्थ वेगळे मानणाऱ्या पंडितांनी हा चौथा अवयव एकदा शांतपणे वाचावा.

सोलापूरकराला तर हे समजायला पोथी नको, अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेलच्या मागापाशी उभे राहावे. ताण्याचा, म्हणजे उभा, धागा तुटला की विणकर आधी माग थांबवतो. मग मागचे टोक शोधतो, त्याला सुताचा तुकडा जोडतो, तो त्याच्या ठरलेल्या डोळ्यातून (छिद्रातून) आणि फणीच्या त्याच घरातून (फटीतून) पुढे ओढतो, शेजारच्या धाग्यांइतका ताण देतो, गाठीची शेपटे कातरतो आणि माग सुरू करतो. तुटल्याचा शोक कुठेच नाही. चुका मात्र ठरलेल्या आहेत. गाठ जाड राहिली तर फणीत घासून धागा परत तुटतो. घर चुकले तर कापडात उभी रेघ उमटते. ताण कमी पडला तर धागा लोंबतो आणि शेजारच्यात गुंततो. आणि तुटलेला धागा दिसूनही माग चालूच ठेवला तर वारभर कापड वाया जाते.

साधनेत याच चुका होतात. नाम सुटल्याचे लक्षात आल्यावर पाच मिनिटे हळहळत बसणे ही जाड गाठ. त्या हळहळीतच पुढचे नाम सुटते. लक्षात आले, एकदा नाम घेतले, हातातले काम पुढे चालू, एवढेच करायचे. सुटल्याचे लक्षात येणे हे अपयश नाही, अनुसंधानाची पहिली क्रिया तीच आहे.

सुरुवात दिवसाच्या सांध्यांवर करावी, कारण एक काम संपून दुसरे सुरू होताना मन मोकळे असते. जाग आल्यावर पाय जमिनीला लावण्यापूर्वी, उंबरा ओलांडताना, पहिल्या घासाआधी, वाजणारा फोन उचलण्यापूर्वी, तिन्हीसांजेला दिवा लावताना, रात्री अंग टाकल्यावर. पण सगळे एकदम धरू नये. पहिला आठवडा फक्त पहिला घास आणि झोप. ते दोन्ही मुद्दाम न आठवता आपोआप आठवू लागले की तिसरा सांधा घ्यावा. दर तासाला मोबाइलचा गजर लावण्याची युक्ती काही जण सांगतात. ती टिकत नाही, कारण आठवण गजराला राहते, माणसाला नाही. दहा दिवसांत हात आपोआप गजर बंद करतो. बोटातल्या मोजणीयंत्राचेही तेच : लक्ष आकड्यावर जाते. मोजायचे असेल तर माळ घेऊन जपाला बसावे. १०८ मण्यांची माळ, त्रयोदशाक्षरी मंत्राला ('श्रीराम जय राम जय जय राम') ३ सेकंद धरले तर साधारण साडेपाच मिनिटे लागतात. जप जरूर करावा. त्याला अनुसंधान म्हणू नये, इतकेच.

सांध्यावरून संध्या आली, तोही वाद मिटवून टाकू. 'जिच्यात नीट ध्यान करतात ती संध्या' अशी 'ध्यै'वरून व्युत्पत्ती सांगणारे अजून आहेत. ती भाविकपणाने मागाहून जुळवलेली आहे. संध्या म्हणजे सांधा, रात्र आणि दिवस जिथे जुळतात ती वेळ. 'मग माध्यान्ह संध्या कशी?' असा त्यांचा हुकमी प्रश्न असतो. पूर्वाह्न आणि अपराह्न यांचा सांधा दुपारीच येतो की! संध्यावंदनाच्या वेळा ठरवणाऱ्यांनी उपासना नेमकी सांध्यांवरच बसवली, यातच सगळे आले.

ताई, पत्रातला प्रयोग चूक नाही : आधीच्या पत्राला हे पत्र जोडले आहे, असा त्याचा अर्थ. फक्त 'अनुषंगाने' त्याच्या जागी सरसकट वापरू नये. अनुषंग 'सञ्ज्' धातूचा, म्हणजे चिकटणे. मुख्य विषयाला चिकटून ओघाने आलेला उपविषय असेल तिथे तो शोभतो. थेट त्याच पत्राला उत्तर देत असाल तर 'अनुसंधानाने' बरोबर.